कौन्सिलात मागितलेला हिशेब

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले, तसंच सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखानेही त्यांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. ती शिफारसच होती. कौन्सिलचा ठराव सरकारवर बंधनकारक नसे. सरकारने ११ सप्टेंबरला आदेश काढला, पण त्यातही खातेप्रमुखांना अंमलबजावणीची सूचना होती आणि नगरपालिका, लोकल बोर्डं यांना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत नुसता सल्ला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर नोंदवलं. तळ्याच्या काठावर मात्र काहीच बदललं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसं त्या तळ्यावर चालत गेली, तेव्हा ती नवा हक्क मागायला गेलेली नव्हती. साडेतीन वर्षांपूर्वी सभागृहाने मान्य केलेला आणि सरकारने आदेशात उतरवलेला हक्क बजावायला गेली होती. आपल्याकडच्या इतिहासलेखनात बोले ठराव ते महाड हे अंतर बहुधा एका वाक्यात ओलांडलं जातं. त्या अंतरात ज्या सभागृहाचा वाटा आहे, त्याकडे मात्र फारसं कोणी थांबून पाहत नाही. १९२१ ते १९३७ या काळातल्या मुंबई कौन्सिलला काँग्रेसने फसवं म्हटलं आणि पुढच्या इतिहासकारांनी ते बहुतांशी मान्य केलं. सत्तेच्या मापाने ते खरंही आहे. पण या कौन्सिलने सरकारला हिशेब लिहून द्यायला लावला, आणि तो लिहिलेला हिशेब बाहेरच्या चळवळींच्या हातात पडला तेव्हा त्याला जी धार आली ती कौन्सिलच्या अधिकारांतून कधीच आली नसती, असं माझं म्हणणं आहे.

हे सरकार होतं तरी कसं? १९१९ च्या कायद्याने प्रांतांना काही विषय सोपवले आणि प्रांताचा कारभार दोन भागांत वाटला. पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे, अर्थ ही राखीव खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार, आबकारी ही सोपीव खाती कौन्सिलला जबाबदार असणाऱ्या मंत्र्यांकडे आली. मुंबईत पहिले तीन मंत्री होते चुनीलाल मेहता, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला. सभागृहाचे पहिले अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. सभागृहात निवडून आलेल्यांचं बहुमत होतं, मराठा आणि संलग्न जातींसाठी सात जागा राखीव होत्या. पण मतदार लोकसंख्येच्या शंभरात तीन-चार, आणि अस्पृश्यांसाठी मतदारसंघच नाही. पहिल्या कौन्सिलात ज्ञानदेव घोलप यांची सरकारने नियुक्ती केली, एवढंच त्यांचं प्रतिनिधित्व. अंदाजपत्रकातल्या काही रकमांवर, म्हणजे कर्जाचं व्याज, न्यायाधीशांचे आणि बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार यांवर, मतदानच होत नसे. राखीव खात्याची मागणी सभागृहाने नाकारली तर ती जबाबदारीसाठी आवश्यक असल्याचं प्रमाणित करून गव्हर्नर ती परत जशीच्या तशी मंजूर करू शकत असे. थोडक्यात, तिजोरीची किल्ली गव्हर्नरकडे आणि शाळा-दवाखान्यांबद्दलचा जाब मंत्र्यांकडे.

त्यात तिजोरीचीच स्थिती वाईट होती. नव्या व्यवस्थेत आयकर केंद्राकडे गेला. कापड गिरण्यांच्या आणि व्यापाराच्या जोरावर उभ्या असलेल्या मुंबई प्रांताला हा फटका इतरांपेक्षा जास्त बसला, कारण त्याची खरी संपत्ती जिथे वाढत होती तिथला कर आता त्याचा राहिला नव्हता. वर मेस्टन निवाड्याप्रमाणे प्रांताने केंद्राला दरसाल ५६ लाख रुपये द्यायचे. उरलं काय, तर जमीन महसूल, जो राखीव होता, आणि आबकारी, म्हणजे दारूचं उत्पन्न, जे मंत्र्यांकडे होतं. शिक्षणमंत्र्याला शाळा उघडायच्या असतील तर दारूच्या दुकानांकडे पाहावं लागावं, ही स्थिती कोणाच्या दुष्टपणातून आली असं म्हणता येत नाही; ती या रचनेतच होती. परांजप्यांनी १९२३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला, पण सक्ती लागू करण्याचं काम स्थानिक संस्थांवर आणि खर्चाचा मोठा भाग पैशाअभावी अडलेल्या सरकारवर होता. कायदा झाला, शाळा मात्र रांगत राहिल्या.

अशा सभागृहात सदस्याच्या हाती खऱ्या अर्थाने उरलं ते प्रश्न विचारण्याचं साधन. त्याचाही इतिहास हळूहळू घडला. १८९२ च्या कायद्याने पहिल्यांदा प्रश्न विचारता आणि अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागलं, पण पुरवणी प्रश्न नाही आणि मतदान नाही. सरकारने एक वाक्य वाचून दाखवलं की विषय संपला. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता आणि गोखले सभागृहातून बाहेर पडले, ते याच हतबलतेमुळे: बोलता येत होतं, पण बोलण्यातून काही घडत नव्हतं. १९०९ नंतर मूळ प्रश्न विचारणाऱ्याला पुरवणी प्रश्नाची मुभा मिळाली, आणि १९२१ नंतर ती कोणत्याही सदस्याला. हा बदल वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात त्याने उत्तर देणाऱ्याची जागाच बदलली. आधी सरकारला फक्त पहिल्या प्रश्नाची तयारी करावी लागे. आता एका उत्तरातून निघणारे दहा धागे कोणीही ओढू शकत होता, त्यामुळे खात्यालाच आपली कागदपत्रं तपासावी लागत. त्याच वेळी हिशेब समिती आली, जिचे निदान दोन तृतीयांश सदस्य सभागृहातल्या बिनसरकारी सदस्यांनी निवडलेले असत. तिचा अध्यक्ष अर्थखात्याचा कार्यकारी सदस्य असे, म्हणजे ज्याचा हिशेब तोच अध्यक्ष. पण हिशेबतपासनिसाचे शेरे आता सचिवालयाच्या कपाटाबाहेर येऊ लागले. सभागृहात बोललेल्या शब्दांबद्दल कोर्टात खेचता येणार नाही, ही हमीही १९१९ च्या कायद्याने दिली. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच खुर्शेद फ्रामजी नरिमन यांच्यासारखा माणूस बॅकबेचं प्रकरण लावून धरू शकला.

बॅकबेची कथा मुंबईकरांना नावापुरती माहीत असते. तिच्यातला पैसा समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला मुंबईत पैशाचा पूर आला होता. जागांच्या किमती भडकल्या होत्या, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना शहराचं चित्र पालटायचं होतं. १९२० मध्ये त्यांनी विकास खातं उभं केलं आणि ते थेट आपल्या देखरेखीखाली ठेवलं. चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र भरून १,१४५ एकर जमीन काढायची, आणि ती विकून कर्ज फेडायचं, अशी योजना होती. इंजिनिअर सर जॉर्ज ब्युकॅनन यांच्या अंदाजावर ती उभी होती: बंदराच्या तळातला चिखल ड्रेजरने ओढायचा, नळांतून पलीकडे न्यायचा आणि समुद्राकाठच्या भिंतीआड ओतायचा. ड्रेजरला लॉइड यांचंच नाव दिलं होतं. त्याच खात्याकडे कामगारांच्या चाळींचं काम होतं. ५० हजार खोल्या बांधायच्या होत्या, आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. एका गव्हर्नरच्या इच्छेवर, एका इंजिनिअरच्या गणितावर आणि जमिनीच्या भावाच्या एका तेजीवर प्रांताची पत टांगली गेली. या तिन्हींपैकी एकही सभागृहाच्या नियंत्रणात नव्हतं.

तेजी ओसरली. जागांचे भाव उतरले. ड्रेजरने अपेक्षेइतका चिखल ओढला नाही, आणि जो ओढला त्यातला बराच भिंतीतल्या फटींतून पुन्हा समुद्रात गेला. खर्चाचे अंदाज वाढत गेले. कामगारांच्या चाळींतही हाच घोटाळा वेगळ्या रूपात दिसला: वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी आणि १६ हजारांच्या आसपास खोल्या बांधून झाल्यावर योजना थांबली, आणि त्यातल्याही अनेक खोल्या पहिली काही वर्षं रिकाम्या राहिल्या. गिरणीपासून दूर, सोयी अपुऱ्या, आणि कामगाराच्या पगाराशी न जुळणारं भाडं. आजही बीडीडी या तीन अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या चाळींत पुढे मुंबईच्या श्रमिकांच्या कित्येक पिढ्या राहिल्या, तो पुढचा इतिहास. पण १९२४-२५ च्या सुमारास कौन्सिलपुढे उभा असलेला प्रश्न साधा होता: ज्या प्रांताकडे शाळांना पैसा नाही, तो प्रांत समुद्रात किती पैसा ओततो आहे, कोणाच्या सांगण्यावरून, आणि चुकलं हे पहिल्यांदा कोणाला कधी कळलं? स्वराज्य पक्ष १९२३ च्या निवडणुकीनंतर सभागृहात आला होता, मुकुंदराव जयकर विरोधी पक्षाचे नेते होते. सरकारची कोंडी करणं हे पक्षाचं जाहीर धोरण होतं. नरिमन यांनी त्या धोरणाला एका खात्याच्या कागदपत्रांपर्यंत नेलं, आणि त्यामुळेच ते परिणामकारक ठरलं. सर्वसाधारण निषेधाला सरकार सहज उत्तर देऊ शकत होतं. ड्रेजरच्या ताशी कामाच्या आकड्याला, भिंतीच्या बांधणीला आणि मंजुरीच्या तारखांना तसं उत्तर देता येत नव्हतं.

१९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवूड मियर्स तिचे अध्यक्ष होते आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या सदस्य. समितीने अंदाज आणि देखरेख या दोन्हींतल्या चुकांवर बोट ठेवलं आणि आठपैकी चार भाग पुरे करून उरलेले सोडून द्यावेत असं सुचवलं. शेवटी १,१४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच जमीन निघाली आणि त्यातलाही मोठा तुकडा लष्कराला गेला. नरिमन यांनी केलेल्या आरोपांवरून विकास खात्यातले इंजिनिअर हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. या खटल्याचं महत्त्व मला समितीच्या अहवालाइतकंच वाटतं. सभागृहात बोललेल्या शब्दाला संरक्षण होतं, बाहेर बोललेल्या आणि छापलेल्या शब्दाला नव्हतं. नरिमन यांनी संरक्षणाच्या आत राहून थांबायचं ठरवलं असतं तर प्रकरण कार्यवृत्तात पडून राहिलं असतं. ते बाहेर आले, म्हणून ते आरोपी झाले, आणि आरोपी झाल्यामुळे खात्याचे कागद कोर्टात उलटतपासणीला आले. १९२८ मध्ये ते निर्दोष सुटले. ज्या भागातली भर कितीतरी दशकं अर्धवट राहिली, तिथल्या टोकाला आज नरिमन पॉइंट म्हणतात, यात एक न्याय आहे.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. प्रश्न विचारून काय साधलं? पैसा तर गेलाच. योजना आखडली ती नरिमन यांच्यामुळे की भाव पडल्यामुळे आणि भिंत गळल्यामुळे? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर, एकही प्रश्न न विचारता ती योजना बहुधा आखडलीच असती. भाव आणि चिखल दोघांनाही सभागृहाशी देणंघेणं नव्हतं. पण आखडण्याचे दोन प्रकार असतात. एकात खातं आपोआप शांत होतं, फायली बंद होतात, गव्हर्नर पद सोडून मायदेशी जातो (लॉइड १९२३ अखेर गेले होते) आणि कर्जाचा हप्ता पुढच्या अंदाजपत्रकातल्या मतदानाबाहेरच्या एका ओळीत कायमचा बसतो. दुसऱ्यात जबाबदार माणसांची नावं, निर्णयांची तारीखवार नोंद आणि आकडे लोकांसमोर येतात. मुंबईत दुसरं घडलं. आणि हे घडलं राखीव अखत्यारीतल्या, गव्हर्नरच्या खास खात्याच्या बाबतीत, जिथे सभागृहाला नकाराचा अधिकार जवळजवळ नव्हता. यावरून मी असा निष्कर्ष काढतो की प्रश्नाचं बळ मताच्या बळावर पूर्णपणे अवलंबून नसतं. ते नेमकेपणावर आणि सभागृहाबाहेर तो प्रश्न उचलून धरणाऱ्या वृत्तपत्रांवर, नागरिकांवर, कोर्टावर अवलंबून असतं.

याच कारणासाठी १९२७ चं अंदाजपत्रकी अधिवेशन मला बॅकबेहूनही मोठं वाटतं, जरी त्या वेळी वृत्तपत्रांनी त्याला तेवढी जागा दिली नसेल. डॉ. आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची सरकारने सदस्य म्हणून नियुक्ती केली होती. २४ फेब्रुवारीच्या पहिल्याच भाषणात आंबेडकरांनी प्रांताच्या उत्पन्नाच्या दोन मुळांना हात घातला. आयकर वर्षाला दोन हजार रुपयांखालच्या उत्पन्नावर लागत नाही, तर जमीन महसूल एक एकरवाल्या शेतकऱ्यालाही लागतो, पीक आलं तरी आणि बुडालं तरी. प्रांताचं अंदाजपत्रक ज्यावर उभं आहे तो कर गरिबावर सर्वांत जड आहे, एवढा त्याचा अर्थ होता. १२ मार्चला शिक्षणाच्या मागणीवर ते खर्चाच्या बाजूला वळले. प्रांत शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतो आणि आबकारीतून त्याच माणसाकडून २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतो. जेवढं दारूतून घेता तेवढं तरी शाळेतून परत द्या, अशी त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. या गतीने मुलं शिक्षणाच्या कक्षेत यायला ४० वर्षं लागतील आणि मुली यायला ३००. मग त्यांनी सरकारच्याच शिक्षण अहवालातलं वर्गवार वाटप उलगडलं. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेल्या हिंदूंचे ११९ विद्यार्थी, मुसलमानांचे ९२, मधल्या जातींचे ३८ आणि मागासलेल्या वर्गांचे १८. माध्यमिक शिक्षणात दर लाखाला पुढारलेल्यांचे ३,०००, मागासलेल्यांचे १४. कॉलेजात मागासलेल्यांची संख्या शून्य म्हणावी अशी.

या भाषणाची शक्ती आकड्यांच्या मोठेपणात नाही. सगळे आकडे सरकारने स्वतः छापलेले होते. आबकारीचा आकडा एका पुस्तिकेत होता, शिक्षणाचा दुसऱ्या, आणि दोन्ही खाती मंत्र्यांची असूनही कोणी ते एका ओळीत ठेवले नव्हते. तोपर्यंतचे खर्चावरचे बहुतेक प्रश्न किती खर्च झाला यावर थांबत. आंबेडकरांनी कोणाकडून घेतलं आणि कोणावर खर्च केलं हे दोन प्रश्न जोडले. सार्वजनिक सेवेचा हिशेब एकूण रकमेत मांडला की तो नेहमी सुधारतोच. शाळा वाढतात, विद्यार्थी वाढतात, मंत्री समाधानी होतो. वर्गवार मांडला की दिसतं, वाढ कोणाच्या घरापर्यंत पोचते आणि कोणाच्या वेशीवर थांबते. प्रांतिक अर्थव्यवहाराच्या विषयावर आयुष्यातला महत्त्वाचा अभ्यास केलेल्या माणसाने पहिल्याच अधिवेशनात ही पद्धत वापरावी, यात आश्चर्य नाही. पण ती पद्धत पुढच्या काळाला पुरेशी रुजली नाही, ही खंत आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की हे सदस्य सरकारनेच नेमलेले होते, मग त्यांची विचारणा कितपत खरी? आक्षेपाचं मूळ समजण्यासारखं आहे, कारण नियुक्त सदस्य सरकारी मताला हात वर करतात हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव होता. पण ज्या समाजाला मतदारसंघच नाही, त्याने सभागृहात यायचं तरी कुठल्या दाराने? नियुक्ती हे त्या रचनेतलं व्यंग होतं; ते व्यंग अस्पृश्यांनी निर्माण केलेलं नव्हतं. आणि माणसाची पारख त्याने कोणत्या दाराने प्रवेश केला यापेक्षा आत गेल्यावर कोणता कागद उघडला यावरून करावी. १९२८ मध्ये आंबेडकरांनी वतनी महारांच्या वेठीसारख्या राबणुकीला हात घालणारं विधेयक आणलं. त्यात सरकारचा स्वतःचा खर्च वाढणार होता, कारण आजवर जे काम जवळजवळ फुकट मिळत होतं त्याला वेतन द्यावं लागणार होतं. सरकारचा मिंधा माणूस हे विधेयक आणत नाही.

तिसरा आक्षेप बहिष्कारवाद्यांचा, आणि त्याचा नैतिक भाग मी मानतो: कौन्सिलात जाऊन प्रश्न विचारणं म्हणजे परक्या सत्तेला मान्यता देणं. १९२० मध्ये काँग्रेसने निवडणुकीकडे पाठ फिरवली ती याच विचाराने. पण उत्तर द्यायला उभं राहण्याची सवय सरकारला एकदा लागली की त्याचं मौनही पुराव्यात मोजलं जातं. बारडोलीत हेच झालं. महसूल आकारणीची पद्धत कायद्याने ठरवावी, असा आग्रह कौन्सिल कितीतरी वर्षं धरत होतं आणि सरकार तो टाळत होतं. बारडोली तालुक्यात सुमारे २२ टक्के वाढ लादली गेली तेव्हा वल्लभभाईंच्या लढ्यामागे शेतकऱ्यांची शिस्त होतीच, पण सरकारने सभागृहाचं ऐकलं नाही हा मुद्दाही होता. कन्हैयालाल मुन्शी आणि गुजरातचे इतर काही सदस्य राजीनामे देऊन बाहेर पडले, आणि तो राजीनामाही आत असल्याशिवाय देता आला नसता. पुढे चौकशीत वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. आकारणीचं गणित चुकीचं होतं, हे सरकारच्याच अधिकाऱ्यांनी मान्य केलं.

आता पुन्हा बोल्यांकडे. १९२३ चा ठराव आणि सरकारी आदेश यांनी तीन वर्षांत फारसं काही केलं नाही, हे कबूल केल्याशिवाय माझा युक्तिवाद पुरा होत नाही. स्थानिक स्वराज्य हे सोपीव खातं होतं, मंत्री भारतीय होता, सभागृहात निवडून आलेल्यांचं बहुमत होतं. गव्हर्नरवर खापर फोडण्याची सोय इथे नव्हती. पाण्यावरून माणसाला हाकलणारे नगरपालिकेचे सभासद त्याच वर्गातले होते ज्या वर्गातून कौन्सिलचे मतदार येत. बोल्यांना हे दिसलं, म्हणून ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांना सरकारी अनुदान देऊ नये. बोले भंडारी समाजातले, मुंबईच्या कामगारांत काम केलेले. हक्काची भाषा संपून खर्चाची भाषा कुठे सुरू करावी लागते, हे त्यांनी ओळखलं. पण अनुदान रोखण्याचा आदेश खरोखर देणं म्हणजे मंत्र्याने आपल्याच पाठीराख्यांना दुखवणं. महाडच्या परिषदेचा दिवस उजाडला तोपर्यंत कोकणातल्या एकाही पाणवठ्यावर या दुसऱ्या ठरावाचा परिणाम दिसावा अशी परिस्थिती नव्हती.

तरीही त्या दोन ठरावांनी महाडला जे दिलं ते कमी लेखता येत नाही. तळ्यावर जाणाऱ्यांकडे कायदेशीर आधार होता, त्यामुळे लढा पहिल्या क्षणापासून अंमलबजावणीचा झाला. परिषदेनंतर दगड आणि लाठ्या पडल्या. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला, बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वर्षपूर्तीला. मग मनाईहुकूम, डिसेंबरची दुसरी परिषद, आणि नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेला दिवाणी दावा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्ण वादींचा वहिवाटीचा दावा फेटाळला. तळं सार्वजनिक पैशाचं आहे का, त्याच्यावर कोणाची मालकी, हे प्रश्न ज्या भाषेत कोर्टापुढे आले ती भाषा १९२३ मध्ये सभागृहात घडली होती. ठरावात सरकारी पैसा आणि कायद्याने स्थापन झालेली संस्था हे निकष होते, धर्माचा किंवा दयेचा निकष नव्हता. सार्वजनिक पैशातून उभं राहिलेलं पाणी सर्वांचं, हे तत्त्व हिशेबाच्या शब्दांत मांडलं म्हणून ते कोर्टात टिकण्याजोगं झालं.

या कौन्सिलच्या कार्यवृत्तात किरकोळ प्रश्नही भरपूर आहेत: अमक्या मामलेदाराची बदली, तमक्या जातीच्या कारकुनांची संख्या, एखाद्या रस्त्याची दुरुस्ती. इतिहासकार त्यांना कंटाळून पुढे जातात. ब्राह्मणेतर पक्षाच्या सदस्यांनी नोकऱ्यांच्या जातवार संख्येवर विचारलेले प्रश्न मात्र किरकोळ मानण्याची चूक होऊ नये. सरकारी नोकरी ही त्या काळी सरकारी खर्चाची सर्वांत मोठी वाटणी होती, आणि ती कोणाच्या घरी जाते हे विचारणं आंबेडकरांच्या शिक्षणाच्या आकड्यांइतकंच मूलभूत होतं. त्यांतले काही जण स्वतःच्या जातीपुरते थांबले, हेही खरं. हजारी ३८ ची तक्रार करणाऱ्यांपैकी हजारी १८ कडे वळून पाहणारे थोडे होते. प्रश्न विचारणाऱ्याचा स्वार्थ प्रश्नाला खोटा ठरवत नाही, पण त्याची पोच मात्र ठरवतो.

१९३७ मध्ये राखीव आणि सोपीव खात्यांची ही द्विदल पद्धत संपली. १९३५ च्या कायद्याने सगळी प्रांतिक खाती मंत्र्यांकडे आली आणि मुंबईत काँग्रेसचं सरकार स्थापन झालं. मुख्यमंत्रिपदासाठी नरिमन यांचं नाव घेतलं जात होतं, पण पक्षाने बाळासाहेब खेर यांना निवडलं, आणि बॅकबेचा पाठपुरावा करणारा हा माणूस राजकारणाच्या कडेला ढकलला गेला. आता राखीव खातं नव्हतं, समोरचं सरकार निवडून आलेलं होतं, आणि विरोधी बाकावर आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बसले होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातली खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. खोताच्या हातून महसूल गोळा करण्याची पद्धत सरकारला सोयीची आणि कुळाला जीवघेणी होती. सरकारने विधेयकाला वेळ दिला नाही. १० जानेवारी १९३८ रोजी रत्नागिरी, कुलाबा आणि इतर जिल्ह्यांतून आलेले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळाच्या दिशेने चालत आले, आणि त्यांच्या शिष्टमंडळाने खेर यांच्यासमोर मागण्या ठेवल्या. खेर यांनी विचार करण्याचं आश्वासन दिलं. आंबेडकरांचं विधेयक त्या सभागृहात कधीच मंजूर झालं नाही. खोती नष्ट करण्याचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये केला, काँग्रेसचंच सरकार असताना, आणि तेव्हा खेरच मुख्यमंत्री होते.